परदेशात घर 'आपलं' कधी वाटायला लागलं? अनुभव सांगा

अळूवडी
नमस्कार मंडळी, परदेशात राहणाऱ्या आणि राहून परत आलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. तिथे जीव कधी रमला, कशामुळे रमला ते लिहा. रमलाच नसेल तर तेही लिहा. मी सुरुवात करते.

आम्ही जर्मनीत, लायप्झिगला. सुरुवातीला रविवार नुसता खायला उठायचा, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आवाज होतो म्हणून मिक्सर लावायचीसुद्धा चोरी, त्यामुळे इडलीचं वाटण शनिवारीच उरकायचं. फरक पडला तो श्रेबरगार्टन मिळाल्यावर. म्हणजे शहरात भाड्याने मिळणारा बागेचा छोटा तुकडा, ही पद्धत मुळात लायप्झिगमधलीच, १८६० च्या दशकातली. नुसती हिरवळ लावून खुर्ची टाकून बसता येत नाही, साधारण एक तृतीयांश जागेत भाजी-फळं लावावीच लागतात. मी मेथी पेरली आणि इंडियन शॉपमधल्या अळकुड्या मे संपता संपता, थंडी पूर्ण गेल्यावर लावल्या. ऑगस्टमध्ये काय पानं आली! शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा रोज कुंपणावरून बघायचे, शेवटी विचारलंच की हे खायचं की शोभेचं? मग अळूवड्या करून नेल्या, खाजू नये म्हणून चिंच जरा सढळ हाताने घातली. पुढच्या उन्हाळ्यात ते मुलीकडे गेले तेव्हा टोमॅटोला पाणी घालायला बागेची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. त्या किल्लीचं मला फार अप्रूप वाटलं, अजून वाटतं.

कारामावाला
दुबईत कितीही वर्षं काढा, व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की बाडबिस्तरा आवरायचा, हे डोक्यात कायम असतं. त्यामुळे मी सोफासुद्धा सेकंडहँडच घ्यायचो. गणपतीच्या आदल्या दिवशी बर दुबईच्या जुन्या देवळाच्या गल्लीतून हार, दूर्वा आणायच्या, तेवढ्यापुरतं गावात असल्यासारखं वाटायचं. २०२० मध्ये माझी नोकरी गेली. बायको-मुलं सोबत, विमानं बंद. बिल्डिंगखालच्या मल्याळी किराणावाल्याकडे मी मोजकंच सामान घेतलं तर त्याने स्वतःहून तांदळाची गोणी आणि तेल वर पाठवलं आणि वहीत माझं पान उघडलं, पैशाचं कधी विचारलं नाही. नवीन नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून ते पान चुकतं केलं. आता दुसऱ्या एरियात स्वस्त आणि मोठा फ्लॅट मिळतोय पण आम्ही आमचा हा कारामा भाग सोडत नाही.

निशिकासाई
टोकियोत आमच्या निशिकासाईला भारतीय खूप, २०१९ मध्ये पुराणिक योगेंद्र हे आपले मराठी गृहस्थ एदोगावा वॉर्डच्या असेंब्लीवर निवडून आले तेव्हा केवढा आनंद झाला होता! पण माझं म्हणाल तर मला आपलंसं वाटलं ते कचऱ्यामुळे, खरंच. जळणारा कचरा वेगळा, बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार वेगळा आणि पिशव्यांवर निळी जाळी पसरायची, नाहीतर कावळे सगळं फोडून ठेवतात. ती जाळी सकाळी लावायची, गाडी गेल्यावर गुंडाळायची आणि जागा झाडून काढायची याची गल्लीत पाळी असते. आम्हाला बरीच वर्षं कोणी पाळी दिलीच नाही, परदेशी म्हणून सोडून द्यायचे. मग एकदा समोरच्या आजी झाडू घेऊन दारात आल्या, हा आठवडा तुमचा म्हणाल्या. सासूबाई भारतातून फोनवर हळहळल्या, शिकून-सवरून तिकडे गल्ली झाडतेस? मी मात्र त्या आठवड्यात गजर व्हायच्या आधी उठत होते.

एडिसनकर
मी वेगळं लिहितो, चालेल ना? न्यू जर्सीत कोपऱ्यावर वडापाव मिळतो, ओक ट्री रोडवर पूजेच्या सुपारीपासून सगळं मिळतं, तरी नाही रमलो. एच-वन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, आणि ग्रीन कार्डची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची रांग भारतीयांसाठी एवढी लांब की मुलगी कॉलेजला जाईल तोवर नंबर लागेल की नाही देव जाणे. भिंतीवर फोटोही लावलेले नाहीत. वाचतोय सगळ्यांचं.

लंडनची काकू
एडिसनकर, अरे फोटो लाव आधी. कार्डाचं कार्ड बघेल. आमचं लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, आता डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. मी तिथे नवीन होते तेव्हा कोपऱ्यात बसून कार्यक्रम बघायचे आणि जास्तच एकटं वाटून घरी यायचे. एका दिवाळीला किचनमध्ये माणसं कमी पडली म्हणून कोणीतरी मला पुऱ्या लाटायला बसवलं, त्या दिवशी ज्या बायका भेटल्या त्या आजतागायत माझ्या आहेत. तुमच्याकडेही मंडळ असेलच. पुढच्या कार्यक्रमाला तासभर आधी जा आणि खुर्च्या लावायला घे, मुलीलाही ने.