‘स्टेट स्कूल’ला मराठीत काय म्हणावं?

बॉस्टनजवळ वॉल्थमला फर्नाल्ड स्टेट स्कूल होतं, मतिमंद ठरवलेल्या मुलांना ठेवायची संस्था, त्याच्यावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. शब्दशः ‘सरकारी शाळा’. पण सरकारी शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे झेडपीची शाळा येते, खिचडीची पातेली, घंटा झाली की दप्तर खांद्यावर टाकून पळणारी पोरं. इथे घंटाच व्हायची नाही. लहानपणी आत गेलेली कितीतरी माणसं तिथेच म्हातारी झाली. शेवटचा माणूस बाहेर पडला तो २०१४ साली, मग ते बंद झालं.

सुरुवात मात्र खरंच शाळा म्हणून झाली होती. १८४८ साली सॅम्युअल हाउ यांनी सरकारी पैशातून ती काढली, ते आधीपासून अंधांची शाळा चालवायचे, आणि त्यांचं म्हणणं होतं की या मुलांना शिकवायचं आणि घरी परत पाठवायचं. पुढे शिकवणं मागे पडलं, कोंडून ठेवणं उरलं, ‘स्कूल’ हा शब्द मात्र तसाच राहिला. म्हणून विचारतेय, शाळा लिहू, आश्रम लिहू की सरळ कोंडवाडा?

प्रतिसाद
कोंडवाडा नको. तुमचा राग बरोबर आहे पण तो गुरांचा शब्द आहे, आत माणसं होती, त्यांना परत एकदा गुरं कशाला करायचं. नाव तसंच ठेवा, ‘फर्नाल्ड स्टेट स्कूल’. जुन्या नावात ‘इडियॉटिक’ आणि ‘फीबल-माइंडेड’ होतं ते पण गाळू नका, तेव्हा ते डॉक्टरी शब्द होते. ‘मोरॉन’ तर १९१० मधे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी ग्रीक शब्दावरून मुद्दाम घडवला, ज्यांचं मानसिक वय ८ ते १२ धरलं जायचं त्यांच्यासाठी. आपल्याकडे ‘मतिमंद’चं तेच झालं, सभ्य शब्द म्हणून आला आणि मैदानावर पोरं तोच एकमेकांना शिवी म्हणून देतात.

प्रतिसाद
मला क्रियापद जास्त महत्त्वाचं वाटतं. मराठीत मुलाला शाळेत ‘घालतात’, होस्टेलला ‘ठेवतात’ आणि आश्रमात ‘टाकतात’. माझ्या मावसबहिणीला डाउन सिंड्रोम आहे, तिला विशेष शाळेत घातलं तर नातेवाईक विचारायचे, ‘कुठे टाकलीत तिला?’ मावशी दर वेळी सांगायची, टाकली नाही हो, घातलीय, चारला आणायला जायचंय. तुमच्या लेखात ‘टाकलं’च लिहा, तिथे तोच शब्द खरा आहे.

मूळ लेखिका
मावशींचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं. ‘टाकलं’ लिहिते.

शाळा शब्दाचा अजून एक अर्थ काल डोक्यात आला. आपण म्हणतो ना ‘त्याची शाळा केली’, म्हणजे गोड बोलून फसवलं. तिथे १९४० आणि ५० च्या दशकात मुलांचा ‘सायन्स क्लब’ होता. त्यातल्या मुलांना बेसबॉलची मॅच बघायला न्यायचे, मिकी माउसचं घड्याळ द्यायचे, आणि नाश्त्याच्या ओटमीलमधे किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम मिसळायचे, शरीरात ते किती शोषलं जातं बघायला. प्रयोग एमआयटीच्या लोकांचा, मदत क्वेकर ओट्स कंपनीची. आईवडिलांना गेलेल्या पत्रात पौष्टिक आहाराचं लिहिलं होतं, किरणोत्साराचं अक्षर नाही. त्यातली काही मुलं तर मतिमंदही नव्हती, घरी कोणी सांभाळायला नाही म्हणून आलेली. १९९३ च्या शेवटी हे सगळं बाहेर आलं, १९९८ मधे १८ लाख ५० हजार डॉलरची तडजोड झाली. तोवर ती मुलं साठीच्या आसपास पोचली होती.

‘इन्मेट’ला काय लिहू? कैदी नको, पेशंट पण नको.

प्रतिसाद
‘रहिवासी’ सोसायटीतला वाटतो. ‘अंतेवासी’ सुंदर शब्द आहे पण त्यात गुरूच्या घरी राहून शिकणं आहे, ते तिथे कुठे होतं. मी बालगृहात काम करते, आमच्या रजिस्टरला ‘प्रवेशित’ लिहितात, कोरडा सरकारी शब्द आहे पण चालेल.

मूळ लेखिका
प्रवेशित घेते, आकडे आणि नोंदी येतात तिथे. ओटमीलच्या भागात ‘मुलं’च लिहिणार.