‘सिग्नलिंग पाथवे’ला मराठीत काय म्हणावं?

पांझराकाठ:
धुळ्यात मधुमेहाचं शिबिर आहे, त्यासाठी किडनीचा फलक लिहितोय. पेशीबाहेरचा निरोप टप्प्याटप्प्यानं आत पोचतो, त्या ‘सिग्नलिंग पाथवे’ला ‘संकेतन मार्ग’ लिहिलं. आत्या चष्मा सरसावून म्हणाली, “हाई काय शे रे?” कुठला रस्ता ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

केळीवाला:
आत्याचं बरोबर आहे. रस्त्यानं कुणीतरी चालत जातं. इथे टीजीएफ-बीटा हा निरोप्या रेणू पेशीच्या दारातच थांबतो, ग्राहीला, म्हणजे दारावर निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. ग्राही आतल्या स्मॅड-2 आणि स्मॅड-3 या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतो. ते स्मॅड-4 ला सोबत घेऊन केंद्रकात शिरतात आणि कोलाजेन या चिवट धाग्यांच्या प्रथिनाची जनुकं चालू करतात. कोलाजेन साचत गेलं की किडनीतल्या गाळण्या निबर होतात, जून भेंडीसारख्या. पाहुणा ओट्यावर, निरोप माजघरात! म्हणून ‘सांगावा’.

पांझराकाठ:
सांगावा एकदा धाडतात हो. इथे साखर चढलेली असेतो चालूच. मला आपल्या फड सिंचनाचं पाणी आठवलं: बंधारा, पाट, चारी. रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिन-2 या संप्रेरकाची चारी पुढे टीजीएफ-बीटाला मिळते, म्हणजे टीजीएफ-बीटा वाढवते.

जुनापाटकरी:
पाट नको. पाटाचं पाणी शेतापर्यंत झिरपून कमीच होतं. पेशीत एक रेणू पुढच्या अनेकांना चेतवतो, गावातल्या अफवेसारखा. ‘निरोपांची साखळी’ म्हणा. आणि ‘संकेत’ अगदीच टाकाऊ नाही. मुळात तो आधी ठरलेली खूण. ग्राहीला ठरलेलीच खूण पटते. फलकावर मात्र चालणार नाही, लोक संकेतस्थळ शोधतील.

केळीवाला:
साखळी पटली. ‘वृक्क’ लिहिलं नाही ना? किडनीच ठेवा. आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन ‘उत्सर्जित होते’ नको, ‘लघवीतून जातं’ लिहा. एसीआरचा, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचा, आकडा 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवा, हेही.

पांझराकाठ:
लिहिलं. ‘निरोपांची साखळी’ वाचून आत्यानं लगेच विचारलं, मग निरोप मधेच अडवता येतो का? येतो म्हटलं. एआरबी गटाची गोळी अँजिओटेन्सिनच्या ग्राहीवर आधीच जाऊन बसते. निरोप्या आला तरी दार उघडत नाही. तिनं गोळ्यांचा डबा आणला. त्यात टेल्मिसार्टन होतीच. इतकी वर्षं ती तिला ‘बीपीवाली’ म्हणत होती.