सीबीसीतील (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीतील) इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा न पाहता सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला वर्षानुवर्षे स्टेरॉइडचा पंप द्यावा का?

कात्रजकर:
माझ्या आईने वेल्ह्याच्या घरी पस्तीस वर्षे चुलीवर स्वयंपाक केला. विडी-तंबाखूला तिने कधी हात लावला नाही. पुण्यात आमच्याकडे राहायला आल्यावर तिची पीएफटी (फुंकून करायची फुफ्फुसांची चाचणी) झाली आणि सीओपीडीचे निदान झाले. त्यानंतर सहा वर्षे ती स्टेरॉइड असलेला पंप घेत होती आणि त्या काळात तिला दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी नव्या डॉक्टरांनी तिची फाईल मागवली, सीबीसीचे सहा जुने कागद तारखेनुसार टेबलावर मांडले आणि एकूण पांढऱ्या पेशी व इओसिनोफिलची टक्केवारी यांचा हिशेब प्रत्येक कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहिला. पहिल्याच कागदावर ७,२०० पेशी आणि एक टक्का, म्हणजे ७२. बाकीच्या पाचही कागदांवर आकडा शंभराच्या आतच होता.

सीओपीडीवरील 'गोल्ड' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक अहवालात २०१९ पासून ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: एका मायक्रोलिटर रक्तात इओसिनोफिल ३०० किंवा त्याहून अधिक असतील तर स्टेरॉइडच्या पंपाने आजार बळावण्याचे प्रसंग कमी होण्याची शक्यता चांगली असते, आणि १०० च्या खाली असतील तर फायदा फारसा होत नाही. जोखीम मात्र दोघांनाही असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'टॉर्च' या तीन वर्षांच्या चाचणीत स्टेरॉइडयुक्त जोडपंप घेणाऱ्यांपैकी १९.६ टक्के रुग्णांना न्यूमोनिया झाला, तर औषधविरहित पंप घेणाऱ्यांपैकी १२.३ टक्के रुग्णांना. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या तपासणीचे पैसे आपण आधीच भरलेले असतात, तिच्यातील हा आकडा चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पाहिला गेलाच पाहिजे.

हडपसर_फॅमिली_डॉक्टर:
आपल्या आईंच्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटते, तरीही मी आपल्या मताशी सहमत नाही. बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये धाप लागणारे जे रुग्ण माझ्याकडे आले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी 'दमा आहे' हे कुणाच्या तरी तोंडून ऐकलेले होते आणि पीएफटी एकदाही केलेली नव्हती. सीओपीडी आहे की नाही, हे कोणतीही रक्ततपासणी सांगू शकत नाही. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ०.७० पटीहून कमी भरली, तरच ते निदान पक्के होते. रक्ताचा आकडा मोठा केला की फुंकण्याची चाचणी मागे पडेल, ही माझी पहिली भीती आहे. पेठेतल्या वाड्यात गॅलरीभर कबुतरे असणाऱ्या माणसाची धाप वेगळ्याच आजाराची असू शकते; २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत फुफ्फुसाच्या ऊतींचे आजार असलेल्या १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना अशा श्वासावाटे येणाऱ्या घटकांची अतिसंवेदनशीलता होती. त्याला सीबीसी काय सांगणार?

दुसरे असे की आपल्याकडे इओसिनोफिल जंतांनीही वाढतात, आणि फायलेरियामुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या विकारात तर ते ३,००० च्या वर जातात. शिवाय हे ३०० आणि १०० चे आकडे ज्या चाचण्यांतून आले, त्यांतील रुग्ण प्रामुख्याने सिगारेट ओढणारे किंवा ओढून सोडलेले होते. चुलीच्या धुराने फुफ्फुसे खराब झालेल्या बाईला ते जसेच्या तसे लावणे मला धाडसाचे वाटते. सर्वांत मोठी भीती वेगळीच आहे. हे वाचून दम्याचा एखादा रुग्ण स्वतःचा कागद काढेल, ८० आकडा पाहील आणि पंप बंद करील. दम्यात स्टेरॉइडचा पंप हाच उपचाराचा कणा आहे, आणि तो बंद केल्याने जीव जाऊ शकतो.

कर्वेनगर_लॅब:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, म्हणून काचेच्या पट्टीवरची गोष्ट सांगतो. पाच प्रकारच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करणारे यंत्र हजारो पेशी मोजते. परंतु लहान लॅबमध्ये आजही सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी मोजून टक्केवारी काढतात. शंभरांत एक इओसिनोफिल दिसला तर ७,२०० चे ७२ होतात, आणि दुसऱ्या कोपऱ्यात पट्टी सरकवल्यावर आणखी एक दिसला तर तेच १४४ होतात. शंभराची रेषा एका पेशीने ओलांडली जाते. त्यात नमुना कधी घेतला याचाही फरक पडतो, कारण या पेशी सकाळी कमी आणि रात्री जास्त असतात. आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स चालू असेल तर त्या जवळजवळ नाहीशा होतात. दवाखान्यात दाखल असतानाचा कागद म्हणूनच फसवा ठरू शकतो.

कात्रजकर:
दम्याबाबतचा डॉक्टरांचा इशारा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. पीएफटी आधी व्हावी, याबद्दलही माझा वाद नाही. आईची ती झालेलीच होती. लॅबमधील भावांनी सांगितलेले कारण मात्र माझ्याच बाजूचे आहे, कारण एका कागदावर विसंबू नये म्हणूनच सहा कागद एकत्र मांडावे लागतात. त्यांतील चार कागद ती पूर्ण बरी असतानाचे, सकाळचे आहेत.

बाणेर_रहिवासी:
माझा आक्षेप दुकानदारीला आहे. वडिलांना 'फुफ्फुसांची संपूर्ण रक्ततपासणी' म्हणून एक महागडी यादी देण्यात आली होती आणि तिच्यात फायब्रिनोजेन या रक्तातील प्रथिनाची तपासणीही होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये फायब्रिनोजेनला मान्यता दिली, ती संशोधनासाठी रुग्ण निवडण्यापुरती. त्या आकड्यावरून वडिलांचे एकही औषध बदलणार नव्हते. याउलट अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या फुफ्फुसांचे रक्षण करणाऱ्या प्रथिनाची तपासणी सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची एकदा तरी व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि नेमकी तीच यादीत नव्हती. इओसिनोफिलचे महत्त्व असेच वाढत गेले तर उद्या त्याचेही पॅकेज निघेल.

हडपसर_फॅमिली_डॉक्टर:
सीआरपीला (शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीला) मात्र अशा निरुपयोगी तपासण्यांत धरू नका. ब्रिटनमधील २०१९ च्या एका चाचणीत सीओपीडी बळावलेल्या रुग्णांचे सीआरपी दवाखान्यातच तपासल्यावर अँटिबायोटिकचा वापर ७७ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आला आणि रुग्णांचे नुकसान झाले नाही. असा वापर असेल तर माझा रक्ततपासणीला विरोध नाही. कात्रजकर, आईंचा स्टेरॉइडचा पंप काढल्यावर त्यांना काय दिले गेले आणि त्या आता कशा आहेत?

कात्रजकर:
श्वासनलिका रुंद करणारी दोन औषधे एकत्र असलेला पंप दिला आहे. त्यानंतर दोन हिवाळे गेले. पहिल्यात तिला एकदा अँटिबायोटिक घ्यावे लागले, दुसऱ्यात लागले नाही, आणि दाखल मात्र एकदाही करावे लागले नाही. न्यूमोनिया पंपामुळेच झाला होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. पुढच्या महिन्यात तिची पुन्हा पीएफटी आहे. त्या दिवशी सीबीसी सकाळी, यंत्र असलेल्या लॅबमध्येच करून घेणार आहे आणि इओसिनोफिलची थेट संख्या छापून मागणार आहे.