पोटात मॉप राहिला: सोलापुरात भरपाईचा दावा, मदत हवी आहे

अक्कलकोटकर:
आत्याची गर्भपिशवी सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात काढली, त्याला दोन वर्षं उलटून गेली. पोटदुखी थांबलीच नाही. पाच महिन्यांपूर्वी पुण्यात सीटी स्कॅनमध्ये मॉप (ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं कापड) दिसला, पुन्हा ऑपरेशन करून काढला. पहिलं बिल ८५,०००, मागणी १२ लाखांची. हाती फक्त डिस्चार्ज कार्ड. दावा कुठं करायचा? मुदत गेली का? तज्ज्ञाचं मत लागेलच का?

पोचपावती:
सोलापूर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अधिकारक्षेत्र दवाखान्याला दिलेल्या पैशांवर ठरतं, मागणीवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. फीचंही तेच, ५ लाखांपर्यंत शून्य. १२ लाख मागताय म्हणून फी सांगणारे भेटतील, ऐकू नका.

आधी रेकॉर्ड. अर्जात एकेक कागद नावानिशी मागा: ऑपरेशन नोट, भुलीचा चार्ट, नर्सिंग नोट्स, संमतीपत्र, मॉप काउंट शीट (वापरलेल्या मॉपच्या मोजणीची नोंद). नुसतं ‘फाइल द्या’ म्हटलं की डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स मिळते. अर्जाची पोच घ्या. ७२ तासांत देणं बंधनकारक आहे, पण रेकॉर्ड जपायचं बंधन ३ वर्षांचंच. घाई करा.

बाळीवेस:
खरी अडचण मुदतीची. त्याच कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे २ वर्षं. दोष लपलेला असेल तर तो कळल्यापासून मोजतात, पण सुप्रीम कोर्टाचा श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस (२०१०) हा निकाल वाचाच. ऑपरेशन १९९३ चं, गॉज (जाळीदार कापड) सापडला २००२ ला, तरी तक्रार मुदतबाह्य. दुखत असूनही त्या बाई त्या डॉक्टरांकडे परत गेल्या नव्हत्या. म्हणून आत्यांच्या मधल्या काळातल्या चिठ्ठ्या, सोनोग्राफी, औषधांची बिलं तारखेनं लावा. विलंबमाफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडून टाका.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागत नाही (सुप्रीम कोर्टाचा व्ही. किशन राव निकाल, २०१०). मात्र पुण्याच्या ऑपरेशन नोटमध्ये नुसतं ‘फॉरेन बॉडी’ (बाहेरची वस्तू) असेल तर समोरचा वकील तिथंच धरतो. काय निघालं, कुठून, हे नोटमध्ये आणि पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये आहे का बघा. सीटीची सीडीही घ्या. आधी पोटाचं दुसरं ऑपरेशन झालंय का?

अक्कलकोटकर:
हो, सिझेरियन. दुसऱ्या दवाखान्यात.

बाळीवेस:
मग ‘मॉप आमचा नाहीच’ हा बचाव येणार. गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधीची सोनोग्राफी शोधा. त्यात गाठ-गोळा काही नसेल तर त्या बचावातला जोर जातो.

पोचपावती:
तोवर दवाखान्यानं पुण्याच्या ऑपरेशनचा खर्च देऊ केला, तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही नको.