मदत हवी आहे: एमजी-१३२ देऊनही डासाच्या फॅट बॉडीतलं व्हिटेलोजेनिन घटतंच आहे

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एडिस इजिप्ती या डासाच्या मादीवर काम करतोय. रक्त प्यायल्यावर तिच्या फॅट बॉडीत (आपल्या यकृतासारखं काम करणारी ऊती) व्हिटेलोजेनिन (अंड्याच्या बलकाचं प्रथिन) धडाधड तयार होतं आणि दीड दिवसाच्या आसपास ते बनणं थांबतं. पेशीत उरलेलं प्रथिन कोण निकालात काढतं, हे बघायचंय.

ते काम प्रोटिएसोमचं (नको असलेली प्रथिनं तोडणारं पेशीतलं यंत्र), असं मी धरून चाललो होतो. ३६ तासांनी फॅट बॉडी काढून माध्यमात ठेवली आणि प्रोटिएसोम अडवणारं एमजी-१३२ दिलं. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) युबिक्विटिनची (तोडायच्या प्रथिनांना लागणारी खूण) लेन वरपासून खालपर्यंत काळीकुट्ट, म्हणजे खूण लागलेली प्रथिनं साचलीत, प्रोटिएसोम अडलंय. पण व्हिटेलोजेनिनचा बँड नुसत्या डीएमएसओच्या (एमजी-१३२ ज्यात विरघळवतात ते द्रावक) नमुन्याइतकाच फिका होतो. अँटिबॉडी मानवी युबिक्विटिनविरुद्धची आहे, त्याने फरक पडेल का? गाईड म्हणतात डोस वाढव. मन धजत नाही.

पेशीपुराण:
अँटिबॉडीची काळजी सोड. युबिक्विटिन जेमतेम ७६ अमिनो आम्लांचं, कीटकांत आणि माणसात जवळजवळ जसंच्या तसं. डोस मात्र वाढवू नकोस. एमजी-१३२ कॅथेप्सिन आणि कॅल्पेन या प्रथिनं तोडणाऱ्या दुसऱ्या एन्झाइम्सनाही अडवतं, त्यामुळे नंतर काही दिसलंच तरी ते कशामुळे हे सांगता येणार नाही. प्रोटिएसोमची खातरजमा करायचीच तर एपॉक्सोमायसिन वापर, ते जवळजवळ फक्त प्रोटिएसोमलाच अडवतं.

मुळात व्हिटेलोजेनिन आहे कुठे ते बघ. प्रोटिएसोम सायटोसोलमध्ये (पटलबंद कप्प्यांबाहेरच्या पेशीद्रवात) आणि केंद्रकात काम करतं. व्हिटेलोजेनिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये बनतं, गॉल्जीतून जातं आणि स्रावी कणांत भरलं जातं, म्हणजे सगळा वेळ पटलाच्या आत. युबिक्विटिन जोडणारी ई१, ई२, ई३ ही एन्झाइम्स बाहेर, मग युबिक्विटिनची साखळी चिकटवणार कोण? नीट घडी न पडलेली प्रथिनं रेटिक्युलममधून बाहेर ओढून प्रोटिएसोमकडे जातात, ते खरं. पण कणांत पोचलेल्या तयार मालाला ती वाट नाही. ते कण थेट लायसोसोमला (पेशीचा पचनाचा कप्पा) जाऊन मिळतात. त्याच सुमारास रेटिक्युलम आणि गॉल्जीचीही ऑटोफॅजीने (पेशीने स्वतःचेच भाग पचवणं) आवराआवर होते. डासाच्या फॅट बॉडीत हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलंय, जुनंच काम आहे.

ब्लॉटबहाद्दर:
सगळं मान्य, पण बँड फिका झाला म्हणजे प्रथिन तुटलंच, हे कशावरून? हे स्रवणारं प्रथिन. माध्यमात गेलं असेल! माध्यम चालवून बघितलंस का?

प्रश्नकर्ता:
नाही, पण सगळं उणे ८० ला ठेवलंय. उद्याच चालवतो. मग पुढे बॅफिलोमायसिन द्यायचं का? आणि ऑटोफॅजीसाठी एलसी३ ची (सस्तन प्राण्यांत ऑटोफॅजीचा मार्कर म्हणून वापरतात ते प्रथिन) अँटिबॉडी चालेल?

पेशीपुराण:
बॅफिलोमायसिन दे, लायसोसोमची आम्लता गेली की तिथली पचवणारी एन्झाइम्स थंडावतात. कीटकांत मार्कर एटीजी८. ते एलसी३ पेक्षा गाबाराप या प्रथिनाच्या जास्त जवळचं, म्हणून गाबारापची अँटिबॉडी आधी लावून बघ. एटीजी८ चं लिपिड जोडलेलं रूप वजनाने जास्त असूनही जेलवर खाली धावतं, त्याला तुटलेला तुकडा समजू नकोस.

ब्लॉटबहाद्दर:
आणि प्रत्येक वेळी ऊती आणि माध्यम शेजारशेजारच्या लेनमध्ये. दोन्हीकडून एकत्र कमी झालं, तरच तुटलं म्हणायचं.