एचओमध्ये बॉक्सएन वाघीण: बोगी आखूड दिसते, भिंती आत वाकतात, सांध्यावर घसरते

खडकी_यार्ड
१९९० च्या सुमाराच्या कोळशाच्या मालगाडीचं मॉडेल करतोय. स्केल १:८७ (एचओ), रूळ नेहमीचे १६.५ मिमी. बारा बॉक्सएन (कोळशाच्या उघड्या वाघिणी, म्हणजे मालडबे) आणि मागे गार्डाचा डबा एवढाच बेत आहे. स्टायरीन प्लास्टिकच्या चार वाघिणी तयार आहेत. ०.५ मिमी शीटच्या भिंती, त्यावर १ मिमीच्या उभ्या पट्ट्या, चिकटवायला एमईके (प्लास्टिक विरघळवून जोडणारं द्रावण). भिंती मध्यभागी आत गेल्यात. अमेरिकन ७० टनी बोग्या (डब्याखालच्या चारचाकी चौकटी) लावल्या, त्या डोळ्यांना आखूड वाटतात. आणि रिकामी वाघीण (४८ ग्रॅम) रुळांच्या सांध्यावरून जाताना पडते. या रेकमध्ये (जोडलेल्या गाडीत) दोन-तीन जुन्या बॉक्स वाघिणी घातल्या तर चालतील का?

बँकर_कर्जत
बोगी आखूड दिसते कारण ती आखूडच आहे. बॉक्सएनच्या कॅसनब बोगीचा व्हीलबेस (दोन ॲक्सलमधलं अंतर) २००० मिमी, म्हणजे एचओत २३ मिमी. तुमच्या बोगीचा २० मिमीच्या आतबाहेर. घडण दोन्हींची एकाच घराण्यातली, दोन ओतीव साइडफ्रेम (बाजूच्या चौकटी) आणि मध्ये बोल्स्टर (आडवी तुळई). त्यामुळे फोटोत फरक कळत नाही, वाघिणीखाली लगेच कळतो. साइडफ्रेम थ्रीडी प्रिंट करून घ्या. चाकं मुळात १००० मिमीची, तेव्हा ११ मिमीचे तयार व्हीलसेट चालतील. रेझिनमध्ये ॲक्सलचं टोक थेट फिरवू नका, भोक झिजतं. पितळी वाट्या बसवा.

आणखी एक. आपला १६७६ मिमी गेज (रुळांमधलं अंतर) या स्केलमध्ये १९.३ मिमी होतो. रूळ १६.५ चे ठेवले तरी साइडफ्रेमचा दर्शनी भाग दोन्हीकडे १.४ मिमी बाहेर घ्या आणि आतून जाडी वाढवून त्यात वाटी बसवा. नाहीतर ३६.८ मिमी रुंद वाघीण काटकुळ्या पायांवर उभी दिसते.

बाकी मापं (कंसात एचओतले मिमी): बोगी केंद्रांतलं अंतर ६५२४ मिमी (७५), कपलरसकट (डबे जोडणाऱ्या आकड्यांसकट) लांबी १०७१३ (१२३), आतली उंची १९५० (२२.४).

रूळ_आणि_खडी
भिंतींचं कारण एमईके. सगळ्या पट्ट्या बाहेरून लागतात, बाहेरचा पृष्ठभाग मऊ होतो आणि सुकताना आक्रसतो, म्हणून मधला भाग आत जातो. ब्रश जवळजवळ कोरडा हवा. पट्ट्या ओळीने लावू नका: आधी मधली, मग दोन टोकं, मग उरलेल्या. भिंत काचेवर दाबून रात्रभर ठेवा. वरच्या कडेच्या पट्टीखाली ०.८ मिमीची सरळ पितळी तार सुपरग्लूने बसवा. ज्या वाकल्यात त्यांना कोळशाने भरा! आतली रुंदी ३३.९ मिमी, ३३.५ ची फळी कोळशाखाली अडकवली की भिंत सरळ राहते.

वजनाचं एनएमआरएचं (अमेरिकेतल्या रेल्वे मॉडेलवाल्यांच्या संघटनेचं) सूत्र: १ औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. कपलर सोडून ११२ मिमीच्या सांगाड्याला साधारण ९१ ग्रॅम येतात, म्हणजे तुम्ही निम्म्यावर आहात. दोन बोग्यांच्या चाकांमध्ये ४० मिमी मोकळे मिळतात. तिथे ३८×३० मिमीचा, ३ मिमी जाड शिशाचा तुकडा लावा, ३९ ग्रॅम भरतो. इपॉक्सीनेच लावा. पांढऱ्या फेविकॉलमधल्या आम्लाने शिशावर पांढरी पूड धरते, ती फुगते आणि तळ उचलते; आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर हमखास. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

पण फक्त सांध्यावरच पडत असेल तर वजनाआधी चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मापकाने तपासा, ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती वळेल आणि पुढे-मागे डुलेल, आडवी डुलणार नाही. दुसरीचा अर्धा फेरा सैल ठेवा.

खडकी_यार्ड
अंतर १४.१ निघालं, म्हणजे कमीच, चारही वाघिणींचं. आता कपलर: खऱ्या उंचीवर लावला तर केडीच्या (मॉडेल कपलर बनवणारी कंपनी) उंची-मापकाला जुळत नाही.

बँकर_कर्जत
जुळणार नाहीच. आपला सीबीसी (मधला कपलर) रुळापासून ११०५ मिमीपर्यंत असतो, एचओत १२.७, केडीची ठरलेली उंची ९.९. सगळ्या वाघिणी तुमच्याच असल्या तरी इंजिन बाजारातलं असेल, तेव्हा ९.९ च ठेवा. दांडा वर आणि डोकं खाली असा कपलर घ्या, उरलेला फरक वाघिणीचा तळ आणि कपलरची डबी यांच्यामध्ये पट्टी देऊन काढा.

बॉक्स मात्र या रेकमध्ये नको. ती मूळची व्हॅक्यूम ब्रेकची, बॉक्सएन एअर ब्रेकची, म्हणून एका गाडीत जुळत नाहीत. बॉक्सची लांबी १३.७२९ मीटर, बॉक्सएनची १०.७१३, आणि ॲक्सलवरचा भार दोन्हींचा २०.३२ टनच. म्हणजे मीटरमागे ५.९ टनांवरून ७.६ टन. ५८ बॉक्सएन ६२१ मीटरमध्ये मावतात. तेवढ्याच जागेत बॉक्स जेमतेम ४५. लूप लाइन (स्टेशनातली बाजूची लाइन) न वाढवता माल वाढला, बॉक्सएन आखूड आणि उंच असण्याचं मर्म तेच. जुन्या बॉक्स हव्याच असतील तर त्यांची वेगळी गाडी करा, वाघीण १५८ मिमीची.

देखावा पुणे–दौंड बाजूचा असेल तर १९९० ला वरती तार नको, पुढे डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन. लोणावळ्याकडचा असेल तर १५०० व्होल्ट डीसीची तार आणि डब्ल्यूसीजी-२ विजेचं इंजिन.