‘मांडलिक’ कुठे चालेल? प्राचीन ज्यू इतिहासाच्या निमित्ताने

प्रश्न

मी पदवीच्या मुलांसाठी जगाच्या इतिहासाची मराठी टिपणे तपासते आहे. त्यात एक वाक्य आहे : ‘असिरियापासून रोमपर्यंत ज्यू लोक सुमारे आठशे वर्षे परकीय साम्राज्यांचे मांडलिक होते.’ वाचताना ‘मांडलिक’पाशी अडखळायला होतं. त्याऐवजी ‘अंकित’ घ्यावा का? की सरळ ‘परतंत्र’? शिवाय मधल्या काळात त्यांचे स्वतःचे राजेही होऊन गेले. त्यांचं काय करायचं?

प्रतिसाद

ताई, तुम्ही योग्य जागी अडखळलात. ते वाक्य बदलायलाच हवं.

‘मांडलिक’ हा ‘मंडल’वरून आलेला शब्द. मंडलाचा धनी तो मांडलिक. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘महामंडलेश्वर’ म्हणवत, तेही याच कुळातलं बिरुद. म्हणजे मांडलिकाला स्वतःचं मंडल असतं, गादी असते, घराणं असतं, बहुधा फौजही असते. फक्त वर कोणीतरी सार्वभौम असतो आणि त्याला खंडणी पोचती करावी लागते. गादीच नसेल तर मांडलिक कसला? तिथे मुलूख खालसा झालेला असतो. त्यामुळे ‘लोक मांडलिक होते’ ही रचनाच मला खटकते. मांडलिक राजा असतो, प्रजा नव्हे. ‘अंकित’ माणसालाही लावता येतो आणि राज्यालाही, पण त्यातून राज्यकारभाराची रीत कळत नाही. ‘परतंत्र’ सगळ्यालाच लागू पडतो, म्हणून काहीच सांगत नाही.

आता तुमच्या आठशे वर्षांवर हा शब्द ठेवून बघू.

इ.स.पू. आठव्या शतकातले यहूदाचे, म्हणजे जेरुसलेमच्या ज्यू राज्याचे, राजे खरे मांडलिक. आहाज राजा आपण होऊन असिरियाच्या आश्रयाला गेला. त्याचा मुलगा हिज्किया याने खंडणी थांबवली, तेव्हा इ.स.पू. ७०१ मध्ये असिरियाचा राजा सन्हेरीब चालून आला. त्याने लाखीश शहर घेतलं आणि जेरुसलेमला वेढा घातला. बायबलमध्ये हिज्कियाचा निरोप आहे, त्याचा भावार्थ असा : माझी चूक झाली, परत जा, तू लादशील ते मी सोशीन. मग तीस किक्कार (हे जुनं मोठं वजन) सोनं आणि तीनशे किक्कार चांदी ठरली, आणि ती भरायला राजाने मंदिराच्या दारांवर स्वतःच मढवलेलं सोनं सोलून काढलं. सन्हेरीबाच्या कोरीव लेखात सोन्याचा आकडा तोच, तीस आहे. चांदी मात्र आठशे सांगितली आहे. त्याच लेखात हिज्कियाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडल्याची बढाई आहे. एवढं होऊनही हिज्कियाची गादी राहिली. ‘मांडलिक’ शब्दात नेमकं हेच बसतं.

इथे ‘खंडणी’ वापरताना मात्र एक टीप द्या. आजच्या मुलांना खंडणी म्हटलं की फोनवरून धमकावणारी टोळी आठवते. ठरवून घेतलेली, खंडून घेतलेली रक्कम हा जुना अर्थ त्यांच्या कानावरून गेलेला नसतो.

बाबेलच्या नबुखद्नेस्सराने बसवलेला सिद्कियाही मांडलिकच. त्याने बंड केलं आणि इ.स.पू. ५८६ च्या सुमारास जेरुसलेम पडलं, मंदिर जळलं. त्यानंतर बाबेलने मिस्पा इथे गदल्या नावाचा अधिकारी नेमला. तो तिथल्याच मातीतला होता, पण दाविदाच्या, म्हणजे यहूदाच्या राजघराण्यातला नव्हता आणि राजाही नव्हता. ‘मांडलिक’ हा शब्द इथे थांबतो आणि पुढची साडेचारशे वर्षं त्याला जागाच नाही. तुमच्या वाक्यात नेमका हा मोठा काळ चुकतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

पण इराणी राजवट तर उदार होती ना? कोरेशने त्यांना परत पाठवलं, मंदिर बांधू दिलं. मग त्या काळाला ‘स्वायत्त’ म्हणायचं का?

प्रतिसाद

‘स्वायत्त’ जरा जपून. इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेशने बाबेल घेतलं आणि परतीची मोकळीक दिली, हे खरं. यशयाच्या ग्रंथात त्याला ‘अभिषिक्त’ म्हटलं आहे. दाविदाच्या घराण्यातल्या राजाला शोभणारा हा शब्द परक्या राजाला लावला, यावरून लोकांना किती हायसं वाटलं असेल ते कळतं. तरी गादी परत मिळाली नाही. मुलूख राहिला इराणी साम्राज्याचा एक छोटा प्रांत, नाव ‘येहूद’. चांदीच्या इवल्याशा नाण्यांवर हीच अक्षरं सापडतात.

कर तर होतेच. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. तो इ.स.पू. ४४५ मध्ये अधिकारी होऊन जेरुसलेमला आला. त्याच्यापुढे लोकांनी घातलेलं गाऱ्हाणं आजही वाचवत नाही : राजाचा सारा भरायला शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकून पैसे काढले, पोरीबाळी दासी म्हणून द्याव्या लागल्या. यात सावकार आपल्याच भाऊबंदांतले होते. नहेम्या त्यांच्यावर संतापला, व्याज सोडायला लावलं, आणि अधिकाऱ्याचा म्हणून मिळणारा शिधा स्वतः बारा वर्षं घेतला नाही. आधीचे अधिकारी तो घेत होते, वर चाळीस शेकेल चांदीही. त्याच ग्रंथातल्या प्रार्थनेत लोक स्वतःविषयी म्हणतात : आमच्या वाडवडिलांना दिलेल्या भूमीत आम्ही आज दास आहोत, तिचं भरघोस पीक आमच्यावर नेमलेल्या राजांना जातं. इतिहासकार या राजवटीला उदार म्हणतात, आणि आधीच्यांशी तुलना करता ते खोटंही नाही. पण ज्यांनी ती सोसली त्यांचा शब्द ‘दास’ आहे. टिपणात तो यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक प्रतिसाद

इराणी काळाला ‘क्षत्रप’ हा शब्द असताना दुसरं शोधायचं कशाला? तो मूळचा जुन्या इराणीतलाच. आपल्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत क्षहरात क्षत्रप नहपानाचं नाव आहेच. मराठी वाचकाला ओळखीचा शब्द.

प्रतिसाद

शब्द सुंदर आहे, साहेब, पण येहूदच्या अधिकाऱ्याला तो मोठा होईल. क्षत्रप असायचा तो ‘नदीपलीकडचा’ म्हणवल्या जाणाऱ्या विशाल प्रांतावर. ही नदी म्हणजे फरात. तिच्या पश्चिमेचा सीरिया-पॅलेस्टाइनचा पट्टा त्यात येई. येहूद त्यातलाच एक तुकडा, जेरुसलेमच्या आसपासचा. आपल्या मोजमापात बोलायचं तर नदीपलीकडचा प्रांत हा सुभा आणि येहूद हा परगणा. गोंधळ होतो तो मूळ भाषेमुळे : दोन्ही पातळ्यांवरच्या अधिकाऱ्यांना ‘पेहा’ असंच म्हटलेलं आढळतं. प्रांताला अरामी शब्द होता ‘मदीना’. आजच्या हिब्रूत त्याच शब्दाचा अर्थ सार्वभौम राज्य असा झाला आहे.

अलेक्झांडर इ.स.पू. ३३२ मध्ये आला. पुढचं शतकभर मिसरचे टॉलेमी आणि त्यांच्यानंतर, इ.स.पू. २०० च्या आसपास, सीरियाचे सेल्युकिड. या काळासाठी आपल्या दफ्तरी भाषेतले तीन शब्द फार उपयोगी पडतात.

टॉलेमींच्या अमलात करवसुलीचे हक्क लिलावात जात. त्याला ‘इजारा’ म्हणा. तोबियाच्या घराण्यातला योसेफ या इजाऱ्यावर गब्बर झाल्याची हकीकत पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसिफस याने सांगितली आहे. सेल्युकिड राजा तिसऱ्या अँटायोकसने जेरुसलेम घेतल्यावर मंदिराला आणि धर्मशास्त्राप्रमाणे वागण्याला अभय दिलं, तीन वर्षं करमाफी दिली, याजकांना डोईपट्टी व मिठावरचा कर माफ केला. ही ‘सनद’. आणि चौथ्या अँटायोकसच्या वेळी यासोन नावाच्या माणसाने प्रमुख याजकपद मिळवायला राजाला ३६० टॅलेंट (किक्कारच) चांदी आणि वर ८० कबूल केले, थोड्याच वर्षांत मेनेलाउसने त्याच्यावर ३०० ची बोली चढवून ते पद पटकावलं. हा ‘नजराणा’. लाच म्हणू नका, कारण ही रक्कम उघडपणे पदाच्या बदल्यात दिली जाई. तरी देवाच्या सेवेतलं सर्वोच्च पद असं विकलं गेलं, हे बंडाच्या मुळाशी होतं. इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर बाटवलं गेलं, धर्माचरणावर बंदी आली आणि मक्काबी हे याजक घराणं बंड करून उठलं. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध करून घेतलं. हनुक्का हा सण त्याचाच.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मग मक्काबींच्या राज्याला ‘स्वराज्य’ म्हणू ना?

प्रतिसाद

म्हणा. इ.स.पू. १४२ च्या सुमारास मक्काबींचा पुढारी शिमोन याला खंडणी माफ झाली आणि लोक करारपत्रांवर ‘महायाजक शिमोन याचं पहिलं वर्ष’ असं लिहू लागले, असं मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आहे. कागदावर कोणाच्या नावाचं वर्ष पडतं, यावरून सत्ता कोणाची ते कळतं. एक सावधगिरी : शिमोनचा मुलगा योहान हिर्कानस याला सातव्या अँटायोकसच्या वेढ्यापुढे वाकावं लागलं होतं. पैसे भरले, ओलीस दिले, त्याच्याबरोबर पार्थियाच्या स्वारीवरही जावं लागलं. ती काही वर्षं तो मांडलिकच. अँटायोकस इ.स.पू. १२९ मध्ये त्या स्वारीत मेल्यावर हात मोकळे झाले आणि इ.स.पू. ६३ पर्यंत राहिले.

मात्र ‘स्वकीय राजा’ आणि ‘स्वराज्य’ हे समानार्थी धरू नका. अलेक्झांडर यन्नाय हा हस्मोनी, म्हणजे मक्काबींच्याच घराण्यातला राजा, अस्सल स्वकीय. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूला हिब्रूत ‘यहोनातान राजा’ तर दुसरीकडे ग्रीकमध्ये ‘राजा अलेक्झांडर’. जोसिफसच्या म्हणण्याप्रमाणे त्याने आपल्याच आठशे विरोधकांना वधस्तंभावर चढवलं. त्याची राणी सलोमे अलेक्झांड्रा हिने नंतर नऊ वर्षं राज्य केलं. तिच्या पश्चात मुलं भांडली आणि इ.स.पू. ६३ मध्ये दमास्कसला रोमन सेनापती पाँपेपुढे फिर्यादी उभे राहिले : दोन भाऊ, आणि तिसरं लोकांचं शिष्टमंडळ. लोकांचं म्हणणं होतं की आम्हाला राजाच नको, आमचा रिवाज याजकांच्या हाताखाली राहण्याचा आहे. या तिसऱ्या फिर्यादीला टिपणात एक ओळ द्याच. पाँपेने जेरुसलेम घेतलं, मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्यात पाऊल टाकलं, आणि राजेपद काढून घेऊन थोरल्या भावाकडे फक्त याजकपद ठेवलं.

आणखी एक प्रतिसाद

आणि नंतरचा राजा हेरोद? तो स्वकीय की परकीय?

प्रतिसाद

धर्माने ज्यू. बापाकडून इदोमी, आई नबाती. इदोमी लोकांना हिर्कानसनेच सक्तीने ज्यू धर्मात घेतलं होतं. म्हणजे एका स्वकीय राज्यकर्त्याच्या जबरदस्तीतून हे घराणं आत आलं. ‘स्वकीय की परकीय’ यावर तेव्हाच्या जेरुसलेममध्येही एकमत नव्हतं, आपण एका शब्दात निकाल लावू नये. राजकीय दर्जा मात्र स्वच्छ आहे : इ.स.पू. ४० मध्ये रोमच्या सिनेटने त्याला राजा ठरवलं, इ.स.पू. ३७ मध्ये त्याने रोमन फौजेच्या मदतीने जेरुसलेम घेतलं. नमुनेदार मांडलिक.

त्याच्यानंतर प्रचलित मराठी बायबल बघा. भाषांतरकारांनी फार नेमकं काम केलं आहे. गालीलवरचा हेरोद अंतिपा तिथे ‘मांडलिक’ आहे आणि यहूदीयातला पिलात ‘सुभेदार’. एकाच काळातले, शेजारशेजारचे दोन कारभारी, पण शब्द वेगळे, कारण अंतिपाला बापाकडून वाटा आलेला, तर पिलात रोमने नेमलेला. इ.स. ६ मध्ये हेरोदाचा दुसरा मुलगा अर्खेलाऊस याला काढून यहूदीया थेट ताब्यात घेतला गेला, म्हणून तिथे सुभेदार आला. करवसुली करणाऱ्यांना त्याच बायबलमध्ये ‘जकातदार’ म्हटलं आहे, आणि जकातनाक्यावर बसलेला लेवी मराठी वाचकाच्या लगेच डोळ्यांपुढे उभा राहतो.

आणखी एक प्रतिसाद

मी अलिबागकडचा. आमच्या बाजूला बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, जुनी माणसं ‘शनिवार तेली’ म्हणत. घाण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. त्यांच्या परंपरेत पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं असं सांगतात, आणि ते पूर्वज अँटायोकसच्या छळातून निघाले असंही काही जण मानतात. त्यांची रोहेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावं आमच्याच गावांवरून पडलेली. टिपणात ‘ज्यू’ लिहावं, ‘यहुदी’ की ‘इस्राएली’?

प्रतिसाद

छान आठवण दिलीत, दादा. परंपरा ही परंपरा म्हणूनच नोंदवावी, पण नोंदवावी जरूर.

शब्दांचं म्हणाल तर राज्याची दोन शकलं झाल्यानंतर ‘इस्राएल’ हे उत्तरेचं राज्य, ते असिरियाने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास बुडवलं. दक्षिणेचं ‘यहूदा’. ‘यहुदी’ म्हणजे आधी यहूदाचा रहिवासी, आणि वर सांगितलेल्या सन्हेरीबाच्या वेढ्यात हिज्कियाचे कारभारी असिरियाच्या वकिलाला विनवतात की आमच्याशी अरामीत बोल, तटावरच्या लोकांना कळेल अशा यहुदी भाषेत नको. देशवाचक शब्द पुढे धर्म आणि समाज सांगू लागला. म्हणून इ.स.पू. ५८६ पर्यंत ‘यहूदाचे लोक’, पुढे ‘यहुदी’ किंवा ‘ज्यू’. यांतला कोणताही एक घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

शेवटचं विचारते. बार कोखबाला ‘राजा’ लिहिलं आहे. ठेवू?

प्रतिसाद

नको. इ.स. ७० मध्ये मंदिर पडलं, त्यानंतर इ.स. १३२ ते १३५ चं बार कोखबाचं रोमविरुद्धचं बंड. त्याच्या नाण्यांवर ‘शिमोन, इस्राएलचा नासी’ असं आहे. ‘नासी’ म्हणजे प्रमुख, अधिपती. राजेपद त्याने घेतलेलं दिसत नाही. ‘अधिपती’ लिहा. यहूदीयाच्या वाळवंटातल्या गुहांत त्याची पत्रं सापडली आहेत. एका पत्रात तो दोन गाढवं पाठवून सणासाठी खजुराच्या झावळ्या आणि महाळुंगाची फळं मागवतो. त्याच गुहांत एन-गेदीच्या जमिनींच्या कबुलायतीही आहेत, आणि त्या जमिनी ‘इस्राएलच्या नासी’च्या कारभाऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या आहेत. म्हणजे सारा त्याच्याही राज्यात होता, फक्त कागदावरचं नाव रोमच्या बादशहाचं नव्हतं.